पकड

ग्रादोच्या खाजणातला गाळ ओलिंदो पहाटेच आणून ठेवतो,
निळी बादली, वर ओलं गोणपाट.
मी तो चाळते. जाळीतून पाणी जातं,
शिंपल्यांचा चुरा राहतो, गवताची मुळं,
आणि ही,
जिऱ्याएवढी, चहाच्या रंगाची,
पाठीची कमान करून कुशीवर पोहणारी.
शास्त्रातलं नाव लांबलचक आहे. वहीत मी नुसतं 'पोरं' लिहिते.

यांच्यात नर मादीला धरून असतो, दिवसचे दिवस.
तिनं जुनं कवच टाकावं,
नवं अजून मऊ असावं, तोवर
तिला पोटाशी घेऊन हिंडतो.
खाताना सोडत नाही.
ब्रशनं डिवचलं तरी नाही.

दहा काचेच्या वाट्या, दर वाटीत एक जोडी.
पाच वाट्यांत साधं पाणी. पाचांत पारा,
इतका थोडा, की लिहिताना शून्यंच जास्त लागतात.
पारा म्हटलं की तो चमकता थेंब आठवतो,
बोटाखालून पळणारा.
इथं तसं काही दिसत नाही.
पाणी पाण्यासारखंच.

दुसऱ्या रात्री तिसऱ्या वाटीतल्यानं सोडलं.
झटापट नाही, काही नाही.
दोन वाजून दहा. लिहिलं.
मादी जराशी खाली गेली आणि थांबली,
मागे राहिलेल्यासाठी रस्त्यात थांबतात तशी.
तो मात्र गोल गोल फिरत राहिला,
काय शोधायचं तेच विसरल्यासारखा.

यर्नेय आजोबा एकतीस वर्षं इद्रियाच्या खाणीत होते.
त्यांचा पारा कधी चढला नाही, असं आई म्हणायची
आणि आम्ही त्यावर दरवेळी हसायचो, आजोबासुद्धा.
सूपचा चमचा तोंडाशी पोचेपर्यंत
अर्धं सूप टेबलावर.
शर्टाची बटणं आई लावायची.
शाळेत सोडताना ते माझा हात धरायचे,
म्हणजे मी धरायचे.

खाण बंद आहे आता. लोक तिकीट काढून आत जातात,
हेल्मेट घालून फोटो काढतात.
नदीला कुणी कळवलं नाही.
ती आणतेच आहे डोंगरातून हिंगुळाची लाल कणी,
सरहद्दीपाशी तिचं नाव बदलतं,
ओझं बदलत नाही.
खाली, खाजणाच्या काळ्या गाळात,
आणखी बारीक जिवांच्या हाती तो पडतो
आणि अंगाला लागेल असा होऊन निघतो.
पोरं गाळ खातात.
पोरांना खरबी खाते. खरबीला मोठा मासा.

ओलिंदो दारातच उभा राहतो, बूट चिखलाचे म्हणून.
"नीवेस, रविवारी जावई येतोय.
हा एवढा मासा मिळालाय. करू ना?"
हातांत मावत नाही एवढं अंतर दाखवतो.
मी म्हणते, लहान मिळाला तर बरा.
"म्हणजे जो जास्त जगला तोच वाईट?"
तसंच काहीसं, मी म्हणते.
तो माझ्याकडे बघतो. माझं वय बघतो की काय, कोण जाणे.
रिकामी बादली उचलून जातो.
माशाचं काय केलं ते नंतर मी विचारलं नाही.

चौथा दिवस. साध्या पाण्यातल्या एकीच्या पोटाखालच्या पिशवीत
अंडी, भिंगाखाली एकोणीस.
पाऱ्यातल्या एकीच्या पिशवीत सहा,
त्यातलं एक करडं.
पुन्हा मोजली. सहाच.

सुटलेल्या जोड्या: साध्या पाण्यात एकही नाही, पाऱ्यात चार.
पाचवा अजून धरून आहे.
का, ते मला माहीत नाही.
एका वाटीवर अहवालात वाक्यसुद्धा लिहीत नाहीत,
सरासरीत जिरून जातो तो.

साडेअकरा. शेवटची बस गेली असणार.
मी दिवा घालवला.
परत लावला.